कढईत कॉफी भाजताना आच मंद नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात फ्लॅटमध्ये राहता, वर्षभरापासून घरीच कॉफी भाजता. चिकमगळूरची प्लँटेशन ए, एका वेळी 250 ग्रॅम, लोखंडी कढईत, अगदी मंद आचेवर 35 ते 40 मिनिटं. शेवटी रंग येत नाही म्हणून आच वाढवता. दाणे दिसायला छान होतात, पण कॉफी कधी आंबट-कच्चट लागते, कधी राखेसारखी कडू, आणि कधी एकाच कपात दोन्ही. म्हणून आता 35,000 रुपयांचं ड्रमचं मशीन घ्यावं का, असं विचारलंय.

मशीनचं नंतर बोलू. तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते ‘एकाच कपात दोन्ही’. कच्चेपणा आणि करपणं या दोन वेगळ्या चुका आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. एकदा कमी भाजलं म्हणून पुढच्या वेळी जास्त, मग पुन्हा कमी, असं चाललंय. प्रत्यक्षात दोन्हींचं कारण एकच आहे. उष्णता हवी तेव्हा दिली जात नाही आणि नको तेव्हा एकदम दिली जाते. हे जोवर बदलत नाही तोवर मशीनमध्येही हेच होणार, कारण तिथेही आच तुम्हालाच ठरवावी लागते.

मी 11 वर्षं घरी कॉफी भाजते आहे. त्यातली पहिली चार वर्षं फक्त कढई होती, तीही सासूबाईंची पुरणाची. तेव्हा मीही तुमच्यासारखीच सुरुवात केली, कारण आपल्या घरात भाजणं म्हणजे मंद आच हे लहानपणापासून हाताला लागलेलं असतं. रवा, बेसन, थालीपिठाची भाजणी, शेंगदाणे, सगळं मंद आचेवर आणि सावकाश. तिथे ते बरोबरही आहे. रवा बारीक असतो, डाळी वाळलेल्या असतात, आच लगेच आतपर्यंत पोचते, आणि आपल्याला फक्त कच्चा वास घालवून खमंगपणा आणायचा असतो.

कॉफीचा हिरवा दाणा वेगळा. तो दगडासारखा कडक असतो, आणि चांगला वाळवलेला असला तरी त्यात 10 ते 12 टक्के पाणी असतं. भाजताना या पाण्याची आतल्या आत वाफ होते, दाब वाढतो, दाणा फुगतो आणि एका टप्प्याला तड् करून फुटतो. त्या दाबाशिवाय दाणा आतून मोकळा होत नाही. अगदी मंद आचेवर ठेवलं की पाणी हळूहळू झिरपून निघून जातं आणि दाब पुरेसा तयारच होत नाही. मग दाणा तपकिरी होतो, पण फुगत नाही. फोडून बघा, आतून घट्ट आणि लाकडासारखा असतो. त्याची कॉफी सपक लागते, शिळ्या पावासारखा वास येतो, आणि मागे एक चिवट कच्चटपणा राहतो. 40 मिनिटांत तुमचा दाणा भाजला जात नाही, वाळतो.

आणि मग शेवटी आच वाढवता तेव्हा काय होतं? दाणा आता कोरडा झालेला असतो. पृष्ठभाग झटकन करपतो, आत मात्र पोचायला वेळ मिळत नाही. वरून राख, आतून कच्चं. हीच तुमची ‘दोन्ही’ची चव.

यात आणखी एक गोष्ट आहे. प्लँटेशन ए म्हणजे धुऊन वाळवलेली मोठ्या दाण्याची अरेबिका जातीची कॉफी. हे दाणे एका बाजूने सपाट असतात. कढईत दाणा सपाट बाजूवर बसला की तो तसाच बसून राहतो आणि त्या बाजूला काळे डाग पडतात. 250 ग्रॅम घातल्यावर कढईत इतका थर होतो की उलथनं कितीही फिरवलं तरी खालचे दाणे खालीच राहतात. काळे डाग असलेले दाणे वेगळे काढून पाहा, बहुतेक सगळ्यांचे डाग सपाट बाजूलाच दिसतील.

यावर सोपा उपाय म्हणजे पुढचे दोन-तीन महिने पीबेरी मागवा. कॉफीच्या फळात सहसा दोन दाणे समोरासमोर असतात, म्हणून ते एका बाजूने सपाट होतात. कधी फळात एकच दाणा वाढतो, तो गोलसर होतो, तीच पीबेरी. कढईत ती वाटाण्यासारखी घरंगळते, एका जागी बसत नाही. कढईत शिकणाऱ्याला यापेक्षा चांगला दाणा मी तरी पाहिलेला नाही. चवीतही काही कमी नाही.

आता प्रत्यक्ष भाजण्याकडे येऊ. मी सांगते ते आकडे माझ्या घरचे आहेत. तुमचा बर्नर वेगळा, कढईची जाडी वेगळी, त्यामुळे एक-दोन मिनिटं इकडेतिकडे होणार. क्रम मात्र बदलू नका.

एका वेळी फक्त 150 ग्रॅम घ्या. लोखंडी किंवा बिडाची जाड कढई मोठ्या बर्नरवर मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं नुसती तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत सुटला पाहिजे. नॉनस्टिक अजिबात वापरू नका, रिकामी नॉनस्टिक कढई इतकी तापवली तर तिचा थर खराब होतो आणि त्याचा धूर अपायकारक असतो. दाणे घातल्यावर आच मध्यमपेक्षा थोडी वर ठेवा आणि हात थांबवू नका. गोल फिरवण्यापेक्षा खालून वर उचलून टाका, चिवड्याला फोडणी लावताना परततो तसं.

पहिली चार-पाच मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटेल. दाणा हिरव्याचा फिकट होतो, मग पिवळा. वास आधी ओल्या गवताचा, मग हुरड्याच्या जवळपासचा. याच वेळी आच कमी करायचा मोह होतो, आणि याच वेळी ती कमी करायची नसते. पाणी निघतंय, दाण्याला उष्णता हवी आहे. दाणा साधारण 150 अंशांच्या पुढे गेला की वास बदलतो, भाजलेल्या पावाचा येऊ लागतो. इथून त्यातली साखर आणि प्रथिनं मिळून रंग आणि खमंगपणा तयार करायला लागतात. वरचा पापुद्रा सुटून उडू लागतो. सातव्या-आठव्या मिनिटाला दाणा दालचिनीच्या रंगाचा असतो, सुरकुतलेला, आणि अगदी कुरूप दिसतो. घाबरू नका, सगळ्यांचाच असाच दिसतो.

मग आवाज. सुरुवातीला मी आवाजापेक्षा रंगावरच चालत होते. एकदा भाजताना सासूबाई बाहेर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आतून आवाज आल्यावर म्हणाल्या, “अगं, लाह्या फुटायला लागल्या वाटतं.” मी रंगाकडे बघत होते, त्यांनी न बघता नेमकी वेळ सांगितली. तेव्हापासून मी एक्झॉस्टचा पंखा चालू ठेवते, पण टीव्ही आणि मिक्सर बंद. पहिली तडतड म्हणजे ज्वारीच्या लाह्या, सुटी, मोठी, एकेक. ती साधारण 196 ते 205 अंशांच्या आसपास येते. त्यानंतर काही वेळ शांतता, आणि त्यापुढे गेलात तर 225 अंशांच्या जवळपास दुसरी तडतड. ती फोडणीतल्या मोहरीसारखी असते, बारीक आणि झपाट्याची. तेव्हा दाण्यावर तेल दिसायला लागतं.

पहिली तडतड सुरू होण्याच्या अर्धा-एक मिनिट आधी आच थोडी खाली आणा. आधी का? कढईत साठलेली उष्णता लगेच कमी होत नाही. तडतड सुरू झाल्यावर आच कमी केली तर त्याचा परिणाम दिसेपर्यंत दाणा पुढे निघून गेलेला असतो. पण गॅस एकदम बारीकही करू नका, नाहीतर तडतड मध्येच थांबते आणि पुन्हा ती सपक चव येते. ही एकच गोष्ट नीट जमायला मला वर्ष गेलं.

तडतड सुरू झाल्यापासून दीड ते अडीच मिनिटांत उतरवायचं. काळी, बिनदुधाची पिणार असाल तर दीड मिनिटाच्या आसपास. फिल्टर कॉफी दूध घालून पिणार असाल तर अडीच मिनिटं किंवा अगदी दुसऱ्या तडतडीच्या तोंडापर्यंत. एकूण वेळ 11 ते 13 मिनिटं होतो. तुमच्या 40 मिनिटांच्या तुलनेत हे घाईचं वाटेल, पण दाण्याला हाच वेग मानवतो.

उतरवल्यावर कढईतच ठेवू नका. दाणा स्वतःच्या उष्णतेने भाजत राहतो. मी दोन मोठ्या गव्हाच्या चाळण्या वापरते, टेबलफॅनसमोर एकीतून दुसरीत ओतत राहायचं. तीन-चार मिनिटांत दाणे हाताला गार लागले पाहिजेत. फोलपटं घरभर उडतात, म्हणून हे बाल्कनीत करा. आणि कढई चिमणीच्या अगदी खाली ठेवू नका. हलकी फोलपटं वर ओढली जाऊन तेलकट जाळीत बसतात, त्यातलं एखादं पेटतं असेल तर धोका आहे. भाजताना ओट्यापासून दूर जायचं नाही हेही तितकंच पक्कं ठेवा. एकदा तडतड चालू असताना दाराची बेल वाजली आणि मी एका मिनिटासाठी गेले. परत आले तेव्हा दाण्यांवर तेल आलं होतं आणि खोलीत धूर भरला होता. तडतड सुरू झाल्यावर एक मिनिट फार मोठं असतं.

गार झाल्यावर दाणे ताटात पसरून बघा. बाकीचे तपकिरी आणि मध्येच काही फिकट, पिवळसर दिसतील. ते कच्च्या फळाचे दाणे असतात, कितीही भाजले तरी रंग घेत नाहीत. एकेक चावून बघा, शेंगदाण्याच्या टरफलासारखी चव येते. ते निवडून काढा. तुम्हाला येणारी कच्चट चव काही प्रमाणात यांच्यामुळेही असू शकते. भाजायच्या आधीही काळे, फुटके आणि किडीने भोक पाडलेले दाणे काढून टाका. तांदूळ निवडतो तसंच, पाच मिनिटांचं काम आहे.

आता मोजमाप. थर्मामीटर लगेच आणायची गरज नाही. इन्फ्रारेडची पिस्तूल कढईत धरली तर दाण्यांच्या मधून कढईचं तापमान दाखवते आणि तुम्ही फसता. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक वही घ्या. माझ्या वहीतली एक ओळ जशीच्या तशी देते:

पीबेरी 150. पिवळा 4:50. तडतड 9:40. उतरवली 11:50. वजन 127.

बस, इतकंच. पण यातून बरंच कळतं. 150 चे 127 झाले म्हणजे 23 ग्रॅम गेले, साधारण 15 टक्के. पाणी गेलं, थोडा वायू गेला, पापुद्रा गेला. माझ्या अनुभवात घट 12 टक्क्यांच्या आत असेल तर रंग कितीही छान असला तरी दाणा आतून कच्चा निघतो. 14 ते 16 टक्के म्हणजे मध्यम भाजणी. 18 च्या पुढे गेलात की गडद. रंग घरातल्या दिव्याप्रमाणे फसवतो, ट्यूबलाइटखाली वेगळा आणि उन्हात वेगळा. वजन तसं फसवत नाही. तडतडीनंतरचा वेळही बघा, 11:50 वजा 9:40 म्हणजे 2 मिनिटं 10 सेकंद. एकूण वेळाच्या साधारण 18 टक्के. मी हा भाग 15 ते 22 टक्क्यांच्या दरम्यान ठेवते.

तुमच्या जुन्या भाजणीतले दाणे शिल्लक असतील तर एक दाणा दाताखाली धरून फोडा. नीट भाजलेला दाणा कुरकुरीत, कट्कन तुटतो. तुमचा बहुधा चिवट लागेल. तो धारदार सुरीने उभा कापून बघितलात तर बाहेरचा आणि आतला रंग वेगळा दिसेल. नव्या पद्धतीने भाजल्यावर हेच पुन्हा करून बघा.

चवीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. आंबटपणा दोन प्रकारचा असतो. संत्र्याचा, कोकमाचा, ज्याने तोंडाला पाणी सुटतं, तो हलक्या भाजणीत असणारच. तो दोष नाही, अनेकांना तोच हवा असतो. दुसरा म्हणजे हरभरे भिजवून विसरल्यावर त्या पाण्याला येतो तसा, जिभेला कोरड आणणारा. तो कच्चेपणाचा. तुम्ही लिहिलेला ‘आंबट-कच्चट’ मला या दुसऱ्या प्रकारचा वाटतो, पण कप माझ्यासमोर नाही, ठरवायचं तुम्हीच.

आणि भाजल्या भाजल्या चव घेऊन निकाल लावू नका. ताज्या भाजलेल्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. पहिल्याच दिवशी कॉफी केली की पावडर नुसती फुगून फेसाळते, पाणी नीट भिनत नाही, आणि चव तिखट, विखुरलेली लागते. पहिल्या दिवशी झाकण अगदी घट्ट न लावता ठेवा, मग बंद करा, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी प्या. माझ्या स्टीलच्या फिल्टरला पाचव्यापासून बाराव्या दिवसापर्यंत सगळ्यात चांगली लागते. तुम्ही दुसऱ्याच दिवशी चव बघून पुढची भाजणी बदलत असाल तर चुकीच्या चवीवरून निर्णय घेत आहात.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या. पहिली म्हणजे दाणा. मान्सून्ड मलबार कढईत भाजू नका, निदान सुरुवातीला तरी. पावसाळ्यात मंगळूरच्या बाजूला गोदामांत दमट वाऱ्यात महिनोन् महिने पसरून तो मुद्दाम फुगवतात. दाणा पिवळसर आणि हलका होतो, आणि तापल्या लोखंडावर लगेच डाग धरतो. मी सुरुवातीला एक किलो मागवला होता, त्यातला निम्मा वाया गेला.

याच गोष्टीतून दुसरी लक्षात येते. कॉफीचा हिरवा दाणा हवेतला ओलावा ओढतो. तुम्ही पुण्यात आहात, पावसाळ्यात गोणपाटात किंवा कागदी पिशवीत ठेवलेला दाणा ऑगस्टमध्ये जानेवारीसारखा वागणार नाही. पिवळा व्हायला एक-दीड मिनिट जास्त घेईल. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि तरीही पावसाळ्यातल्या नोंदी वेगळ्या मांडा. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना हे आणखी जाणवेल.

तिसरी म्हणजे तुम्ही कॉफी पिता कशी. तुम्ही दूध की काळी हे लिहिलेलं नाही. घरात दुधाची, थोडी चिकोरी घातलेली कॉफी लागत असेल तर हलक्या भाजणीच्या मागे लागण्यात अर्थ नाही, दुधात ती हरवते. त्यात थोडी रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरी जात, मिसळा आणि गडदकडे झुका. दोन्ही दाणे वेगवेगळे भाजून मग मिसळा, एकत्र भाजले तर एक नीट होतो आणि दुसरा मागे राहतो. आमच्याकडे सासऱ्यांसाठी 70 टक्के अरेबिका आणि 30 टक्के रोबस्टा असते, माझ्यासाठी नुसती पीबेरी, काळी.

आता मशीन. तुमच्या घरी आठवड्याला किती लागते ते बघा. दोन माणसं, दिवसाला दोन-दोन कप, म्हणजे आठवड्याला साधारण 350 ते 400 ग्रॅम. 150 ग्रॅमच्या तीन भाजण्या, रविवार सकाळचा एक तास. एवढ्यासाठी 35,000 रुपये घालायला मी सांगणार नाही. मी मशीन घेतलं ते आठवड्याला दीड किलोवर गेल्यावर, कारण तेव्हा मनगट दुखायला लागलं होतं, आणि दोन-तीन घरांना देत असल्याने दर वेळी चव सारखी येणं गरजेचं होतं. आणि ते आल्यावर पहिल्या महिन्यात मला उपयोगी पडल्या त्या कढईत शिकलेल्या गोष्टी. लाह्यांचा आवाज, पावाचा वास, आच आधी कमी करणं. ज्यांनी थेट मशीनपासून सुरुवात केली त्यांना स्क्रीनवरची तापमानाची रेषा सुंदर दिसते आणि कॉफी का बिघडली ते कळत नाही, असं मी बऱ्याचदा पाहिलंय.

मधला मार्ग हवा असेल तर गरम हवेचा पॉपकॉर्नचा यंत्र-डबा. बाजूच्या फटींतून हवा येऊन दाणे गोल फिरवणाराच घ्या, तळातून सरळ हवा येणारा नको, त्यात फोलपटं खाली पडून पेटू शकतात. एका वेळी 80-90 ग्रॅम होतात आणि चारही बाजूंनी सारखे. त्यात दाणा फार लवकर भाजला जातो, चार-पाच मिनिटांत, त्यामुळे चव थोडी टोकदार येते. शिवाय संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की तोच डबा सात मिनिटं घेतो. पण कमी पैशात एकसारखी भाजणी कशी दिसते ते डोळ्यांनी बघायला तो चांगला आहे.

तर या रविवारी एवढंच करा. असलेल्याच प्लँटेशन ए मधले 150 ग्रॅम निवडून घ्या, कढई आधी तापवा, आच पिवळेपणापर्यंत कमी करू नका. दोन भाजण्या करा, एक तडतडीनंतर दीड मिनिटाने उतरवा, दुसरी अडीच मिनिटांनी. दोन्ही डब्यांवर वेळ आणि वजन लिहून गुरुवारपर्यंत उघडू नका. मग दोन्ही शेजारी शेजारी करून प्या. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा पिवळा कधी झाला, तडतड कधी सुरू झाली आणि शेवटचं वजन किती, एवढं कळवा. काळे डाग तरीही राहिले तर दाण्यांचा उन्हात काढलेला फोटोही पाठवा, सपाट बाजू वर करून.